क्लीनरूमचा दसरा

घट बसायच्या आधी घराचा दसरा काढायचा, हे आमच्याकडे बाईमाणसाला कुणी शिकवावं लागत नाही. पितृपंधरवडा सरत आला की घरातली एकूण एक वस्तू अंगणात येते. गोधड्या, सतरंज्या, फळीवरचे डबे, माळ्यावरची ती पितळी भांडी जी वर्षातून याच दिवसांत उजेड बघतात. भिंती झाडायच्या, जाळ्या काढायच्या, तांब्या-पितळेला चिंच लावायची, धुणं विहिरीवर न्यायचं. त्या आठवड्यात आमच्या तेलगावात कुणाच्याही घरी गेलात तर बसायला जागा मिळत नाही आणि चहाही मिळत नाही, कारण चहाचं पातेलंसुद्धा बाहेर उन्हात पालथं पडलेलं असतं. मला या कामाचा लहानपणापासून कंटाळा. पण आई हिंडती-फिरती आहे तोवर यातून सुटका नाही, हेही ठाऊक होतं.

मी तेव्हा पीएच.डी. करत होते. अंबाजोगाईच्या बाहेर माळावर आमच्या विद्यापीठानं नॅनोतंत्रज्ञानाचं एक संशोधन केंद्र बांधलं होतं. मागास भागात मोठं विज्ञान न्यायचं असं कुठल्याशा योजनेत ठरलं आणि ते आमच्या वाट्याला आलं. योजना पुढं गुंडाळली गेली, इमारत तेवढी राहिली. रस्त्यानं जाणाऱ्यांना ती अर्धवट सुरू झालेला दवाखाना वाटायची आणि आजारी माणूस घेऊन दोन-तीनदा जीपगाड्याही फाटकापर्यंत आल्या होत्या.

इमारतीच्या मधोमध क्लीनरूम होती. केसापेक्षाही कितीतरी बारीक रेघा सिलिकॉनच्या ज्या चकतीवर काढायच्या, तिच्यावर धुळीचा एक कण बसला तरी ती वाया जाते, म्हणून ही खोली. तिला खिडकी नव्हती, दारात एक काच होती तेवढीच. छतभर हेपा फिल्टर, म्हणजे काचेच्या अतिसूक्ष्म तंतूंच्या गाळण्या, दिसायला घड्या घातलेल्या कागदासारख्या. गच्चीवरचं यंत्र रात्रंदिवस त्यांच्यातून गार हवा खाली सोडायचं आणि ती भिंतीच्या तळाशी असलेल्या जाळ्यांतून निघून जायची. त्या गाळण्यांना बोट लावायचं नाही, पाणी तर लांबच राहिलं. खोलीत झाडू न्यायचा नाही, कारण झाडू धूळ काढत नाही, उडवतो. आम्ही तीन-चार विद्यार्थीच खास कापडानं आणि स्पिरिटनं फरशी, टेबलं पुसून घ्यायचो.

आत जायचं तर कपाळावरचं भस्म धुवायचं, बांगड्या उतरवायच्या, पावडर-काजळ असेल तर तेही. सकाळी माझ्या वडिलांनी, अप्पांनी, फोनवर विचारावं, भस्म लावलंस का, मी हो म्हणावं, आणि केंद्रात आल्याबरोबर साबणानं खसाखसा कपाळ चोळावं, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. मग डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, फक्त डोळे उघडे. बाहेर उन्हाळ्यात फुफाटा, वेचणीच्या दिवसांत हवेत कापूस, मेंढरांचा कळप रस्त्यानं गेला की किती वेळ धूळ खाली बसायची नाही. आत यातलं काहीही नाही. मला त्या खोलीचा लळा लागला होता. आयुष्यात पहिल्यांदा अशी जागा मिळाली होती, जिथं ‘लग्नाचं काय ठरवलंस’ हे विचारायला कुणी येऊ शकत नव्हतं. आलंच तर त्याचंही तोंड बांधलेलं असायचं.

मी एक सेन्सर बनवत होते. आमचं तेलगावात किराणा-भुसाराचं दुकान आहे. धान्याला कीड लागू नये म्हणून पोत्यांत गोळ्या ठेवतात, त्यांचा वायू जीवघेणा असतो. मी शाळेत असताना आमच्या गल्लीत धान्याच्या कोठीला लागून झोपलेली दोन लेकरं सकाळी उठलीच नाहीत. नखाएवढी एक चकती भिंतीला असावी आणि तिनं वेळेत बोंब मारावी, एवढंच मला करायचं होतं. म्हणायला एवढंच. त्यावरचा लेप नीट बसत नव्हता, बसला तर टिकत नव्हता, आणि टिकला तेव्हा भलत्याच वायूला ओरडत होता. त्या पावसाळ्यात अखेर जमलं. एका खेपेच्या सगळ्या चकत्यांवर लेप हवा तसा बसला आणि महिना उलटला तरी हलला नाही. मी त्या काचेच्या कपाटात ठेवल्या. वरून सोन्याच्या रेघा काढायच्या, मोजमापं घ्यायची, की प्रबंध पुरा. नोंदणीची मुदत एकदा वाढवून घेतलेली होती, ती डिसेंबरात संपत होती, आणि आता पुन्हा वाढणार नाही असं विद्यापीठानं स्पष्ट सांगितलं होतं. अप्पांनीही माझ्या लग्नासाठी तेवढाच धीर धरायचं कबूल केलं होतं.

दसरा झाला की लगेच केंद्र बघायला एक कमिटी येणार होती. कमिटी खूश झाली तर नवीन निधी, नाहीतर टाळं, असं सगळे बोलायचे. संचालकांनी शिपाई, वॉचमन, सफाईच्या बायका, सगळ्यांना व्हरांड्यात उभं करून सांगितलं, “केंद्र चकाचक दिसलं पाहिजे. एक कोपरा सोडायचा नाही.” मीही तिथं होते. त्यात क्लीनरूम धरली जाईल ही शंकासुद्धा माझ्या मनाला शिवली नाही. संध्याकाळी आईचा फोन आला. तिची कंबर धरली होती, औंदा दसरा कोण काढणार म्हणून ती रडकुंडीला आली होती. मी सुट्टी टाकून गावी गेले.

विहिरीवर गोधड्या आपटताना त्या खेपेला मला कंटाळा आला नाही. मनात चकत्याच होत्या. रेघांचा नकाशा मी धुण्याच्या दगडावर ओल्या बोटानं काढून बघत होते. आई काठावर बसून हुकूम सोडत होती. मधेच म्हणाली, “औंदा लई खुशीत हायस गं.” मी म्हटलं, हाय.

परत आले तेव्हा केंद्राच्या फाटकातूनच गच्चीवरच्या दोरीवर आमचे पांढरे पोशाख वाळत घातलेले दिसले. वाऱ्यावर हात-पाय हलवत होते. ते कपडे घरच्यासारखे धुवायचे नसतात, उघड्यावर तर मुळीच वाळवायचे नसतात. पण मला वाटलं, कुणीतरी तेवढाच आगाऊपणा केला असेल. मी जिन्यानं वर पळत गेले.

क्लीनरूमचं दार सताड उघडं होतं आणि दारात सफाईच्या मावशी उभ्या होत्या. ठेकेदाराकडून आलेल्या, पन्नाशीच्या, धनगराच्या घरच्या. त्यांचे मालक अजूनही वर्षातले काही महिने मेंढरं घेऊन लांब असायचे. केंद्र सुरू झाल्यापासून मावशी तिथं होत्या, पण त्या दाराच्या आत कधी गेलेल्या नव्हत्या. आम्हीच जाऊ द्यायचो नाही. बाहेरचा व्हरांडा पुसता पुसता त्या दाराच्या काचेतून आम्हाला बघायच्या.

“या ताई,” त्या म्हणाल्या, “बगा कसं लख्ख केलंय!”

मी आत बघितलं. फिनेलचा वास भपकन नाकात शिरला. छतातल्या गाळण्या ओल्या होऊन पोटं सुटल्यासारख्या खाली आल्या होत्या, दोन फाटल्या होत्या. गच्चीवरच्या यंत्राची ती कायमची घरघर ऐकू येत नव्हती.

“मशीन कुणी बंद केलं?” मी विचारलं.

“वॉचमननं. वरून वारं यायलतं ना, केर एका जागी बसंना. म्हणलं बंद कर बे जरा.” मग त्यांनी मला सगळं दाखवलं. वॉचमननं शिडी आणून जाळ्या उघडून दिल्या होत्या. गाळण्या गच्चीवर नेऊन, कूलरची जाळी धुतात तशा, पाइपच्या पाण्यानं धुतल्या होत्या. “ताई, काय सांगू, काळंकुट्ट पानी निगालं! बादल्यावर बादल्या! तुमी लेकरं त्यातच बसायला व्हय इतकी वरसं? पाच साल झाले, या खोलीला कुनी झाडू लावला न्हाई. मी रोज काचंतून बगत हुते. कावून न्हाई लावला?”

मी काचेच्या कपाटाकडे गेले. चकत्या होत्या. एकेक बाहेर काढून, देवघरातल्या तसबिरी पुसाव्यात तशी पुसून, पुन्हा ओळीनं मांडून ठेवली होती. मी एक उचलून दिव्याखाली धरली. लेप नव्हता. खालची चकती आरशासारखी चमकत होती आणि तिच्यात माझा डोळा दिसत होता. लेप चढवायच्या यंत्रातली तांब्याची थाळी चिंच-मीठ लावून घासलेली होती. इतकी सुंदर घासलेली की आईनंसुद्धा वाखाणली असती.

“काय चुकलं का ताई?” मावशींनी विचारलं. माझ्या तोंडाकडे बघून त्यांचा आवाज उतरला होता. “तुमी गावाकडं गेलता. म्हणलं, हितल्या खोलीचा दसरा कोन काढनार. लेक म्हायेरी राबून दमून यायची, तर आपनच काढून टाकावा.”

मला मावशींचा राग आला. खोटं कशाला बोलू, इतका आला की हातातली चकती मी भिंतीवर फेकणार होते. त्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की बाई, तुम्ही माझा गळा दाबला असता तर बरं झालं असतं. पण ठेकेदाराच्या कानावर गेलं असतं तर संध्याकाळपर्यंत त्या घरी बसल्या असत्या, आणि त्यांच्या जागी आलेलीला तरी कुणी काय सांगणार होतं? मी म्हटलं, काही नाही चुकलं, छान केलंय. मग खाली जाऊन वॉचमनला एवढ्या शिव्या घातल्या की तो बिचारा खुर्चीवरून उठून उभा राहिला. त्यालाही काही कळलं नाही.

सर आले. ते माझे मार्गदर्शक, निवृत्तीला टेकलेले. हे केंद्र माळावर आणण्यासाठी त्यांनी पुण्या-मुंबईच्या किती वाऱ्या केल्या होत्या ते सगळ्या केंद्राला माहीत होतं. त्यांनी छताकडे बघितलं, खुर्ची ओढून बसले आणि शर्टाचं वरचं बटण सोडलं. मला वाटलं यांना काही झालं तर काय करायचं. मग म्हणाले, “कुणाला बोलू नकोस. कमिटी होऊ दे. ते खूश झाले तर निधी येईल, त्यात फिल्टर बसवू. तुझी मुदत मी बघतो.”

मी गप्प बसायचं कबूल केलं. दुसरं काय करणार? बुडत्याला काडीचा आधार, तसं मी त्या निधीला धरून बसले.

कमिटी आली. बुटांवर प्लॅस्टिकची कव्हरं चढवून सगळे आत शिरले. अध्यक्षांनी टेबलावरून बोट फिरवलं आणि ते इतरांना दाखवलं. बोट कोरं होतं. हवेतले कण मोजायचं यंत्र सरांनी आधीच कपाटात ठेवून दिलं होतं. त्याबद्दल विचारलं तेव्हा ते दुरुस्तीला गेलंय असं सांगताना सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. “मराठवाड्यात अशी प्रयोगशाळा असेल असं वाटलं नव्हतं,” अध्यक्ष म्हणाले. त्यांना हे कौतुक वाटत होतं. एरवी मी यावर फाडकन काहीतरी बोलले असते.

त्यांच्यात एक तरुण प्राध्यापक होता. सगळे फरशीकडे बघत असताना तो वर बघत होता. फाटलेल्या गाळणीपाशी त्याची नजर थांबली. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. त्याला कळलं होतं. त्यानं विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, सरांच्या समोर सांगितलं असतं, असं मला आजही वाटतं. तो घसा खाकरून पुढच्या यंत्राकडे गेला.

शेवटी अध्यक्षांनी विचारलं, एवढी निगा कोण राखतं? संचालकांनी मावशींना बोलावून घेतलं. अध्यक्षांनी स्वागतात मिळालेली आपली शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मावशी पदर तोंडाला लावून रडत होत्या.

निधी आला, पण तो इमारतीच्या रंगकामाला आणि कुंपणाला. सरांनी फिल्टरसाठी अर्ज केला तेव्हा उत्तर आलं की कमिटीनं क्लीनरूम उत्कृष्ट स्थितीत असल्याचं नोंदवलं आहे, सबब दुरुस्तीची आवश्यकता दिसत नाही. सर ते उत्तर माझ्यापुढे धरून हसले. मला त्यांचं ते हसणं अजिबात आवडलं नाही. आता आम्ही खोटं बोललो होतो हे कुणाला जाऊन सांगणार? कमिटीनं आमचं काम नाकारून केंद्राला टाळं ठोकलं असतं तर निदान भांडता आलं असतं. इथं भांडायला समोर कुणी नव्हतंच.

सरांनी पुण्याच्या एका संस्थेत माझ्यासाठी शब्द टाकला. तिथं नंबर लागायला पुढचा उन्हाळा उजाडणार होता, आणि लेप पहिल्यापासून करायचा होता. मुदतीसाठीही त्यांनी विद्यापीठात खेटे घातले, पण ती काही वाढली नाही. मी आमच्याच खोलीत प्रयत्न केला. यंत्र पुन्हा सुरू केलं, फाटलेल्या जागा टेपनं चिकटवल्या, फरशी पुसली, पोशाख घातला. छतातून वारं येत होतं आणि त्या वाऱ्याबरोबर माळाची धूळ सरळ माझ्या चकत्यांवर येत होती. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं की लेपात खडे दिसायचे. मी तो लेप काढून टाकायचे आणि पुन्हा चढवायचे. बरोबरचे विद्यार्थी एकेक करून दुसरीकडे गेले. एक बँकेत लागला, एक शिकवण्या घ्यायला लागला. दिवाळी गेली. थंडी पडली. मी सकाळी पोशाख घालून आत जायचे, नुसती स्टुलावर बसायचे, दुपारी बाहेर यायचे.

मुदत संपली त्या दिवशी काहीही झालं नाही. फोन नाही, पत्र नाही. दुपारी अप्पांचा फोन आला. मी सांगितलं, संपली म्हणून. दुकानात कुणीतरी गूळ मागत होतं ते मला ऐकू येत होतं. “लई केलंस माय,” अप्पा म्हणाले. “ये आता घरी.” त्यांनी रागावायला हवं होतं. एवढी वर्षं गेली म्हणून बोलायला हवं होतं. त्या ‘माय’नं मी पार मोडले, आणि व्हरांड्याच्या भिंतीला टेकून लहान मुलीसारखी हमसून हमसून रडले.

एप्रिलात मी राहिलेलं सामान आणायला गेले. ऊन मी म्हणत होतं. केंद्रात वर-खाली कुणीच दिसेना. क्लीनरूमच्या बाहेर चपलांचा ढीग होता आणि आतून बोलण्याचे आवाज येत होते. कमिटीनं नावाजलेली खोली बंद दिसू नये म्हणून गार हवेचं यंत्र चालू ठेवलं होतं. सगळ्या इमारतीत थंडगार अशी ती एकच खोली, म्हणून ऑफिसातले लोक दुपारचं जेवण तिथं घेऊ लागले होते. फरशीवर वर्तमानपत्रं पसरून सगळे बसले होते. डबे उघडलेले होते. माझं काचेचं कपाट कुणीतरी भिंतीकडे सरकवून त्यावर पाण्याचा माठ ठेवला होता.

“या की म्याडम, दोन घास खावा,” क्लार्क म्हणाले आणि सरकून बसले. मावशींनी माझ्यासाठी स्टूल ओढलं, कारण मी खाली बसणं त्यांना बरं दिसेना. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी एका झाकणात घालून माझ्या हातात दिली.

मला वाटलं होतं, घास उतरणार नाही. त्या खोलीत मी कधी साधा कागद नेला नव्हता, आतमध्ये जोरात शिंकले नव्हते. पण सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि भाकरी ताजी होती. मी खाल्लं. भाकरी मोडताना भुगा माझ्या पायाशी सांडत होता. कुणी गावातल्या पाण्याच्या पाळीबद्दल बोलत होतं, कुणी बदलीबद्दल. मीही हो-नाही करत राहिले. एकदा तर हसलेसुद्धा.

जेवणं झाली. सगळे उठून गेले. मावशींनी वर्तमानपत्रं गोळा केली आणि बादली-फडकं आणलं. गुडघ्यावर बसून त्या फरशी पुसत पुसत माझ्यापर्यंत आल्या.

“ताई, पाय वर घ्या.”

मी पाय वर घेतले. त्यांनी स्टुलाखालून, कोपऱ्यातून, भिंतीच्या कडेनं सगळा भुगा टिपून घेतला. एक कणसुद्धा ठेवला नाही. फडकं बादलीत पिळलं आणि माझ्याकडे बघून हसल्या.

“तुमी कवाबी या,” त्या म्हणाल्या. “तुमची खोली हाय. मी अशीच ठिवते.”

मी बरं म्हटलं आणि फरशी वाळेपर्यंत तशीच पाय वर घेऊन बसून राहिले.